सासूबाईंच्या आजीचं माहेर

माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापील आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीतही पणजोबांची सही सापडते. माझ्या लेकीच्या दुसऱ्या बाजूचं मात्र काहीच नव्हतं. सासूबाई एवढंच सांगायच्या, "आम्ही मूळचे रॅडनरचे, आडनाव प्राइस." त्यांची आजी पहिल्या महायुद्धाआधी बर्मिंगहॅमला घरकामासाठी आली आणि परत गेली नाही. सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. म्हणून मे महिन्यात आम्ही तिघी गाडी काढून निघालो.

रॅडनरशायर हा वेल्सचा इंग्लंडला चिकटलेला जुना परगणा. १९७४ मध्ये तो पॉविसमध्ये विलीन झाला, पण तिथली माणसं अजून जुनंच नाव घेतात. त्याच्या पश्चिम टोकाला एलान खोऱ्यातली धरणं आहेत. १९०४ पासून बर्मिंगहॅम त्यांचंच पाणी पितं. बर्मिंगहॅमहून सीमेलगतच्या, पण इंग्लंडमधल्या किंग्टन गावी पोचायला दोन तासांच्या आसपास लागतात. गाडी नसेल तर श्रूजबरीहून 'हार्ट ऑफ वेल्स' मार्गावरच्या रेल्वेनं नाइटनला उतरता येतं, पण दिवसाला मोजक्याच गाड्या असतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवा. गंमत म्हणजे नाइटन गाव वेल्समध्ये आणि त्याचं स्टेशन इंग्लंडमध्ये आहे.

या गमतीनंच आमचा पहिला दिवस खाल्ला. वेल्समधल्या १८५८ पूर्वीच्या मृत्युपत्रांच्या प्रती अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं मोफत ऑनलाइन ठेवल्या आहेत. घर वेल्समध्ये होतं, म्हणून मी तिथेच शोधत राहिले. प्राइस शेकड्यांनी सापडले, आमचा एकही नाही. कारण साधं होतं. ओल्ड रॅडनर आणि प्रेस्टीन ही गावं वेल्समधली खरी, पण त्यांचं चर्च पूर्वापार इंग्लंडमधल्या हेरिफर्डच्या बिशपकडे. वेल्सचं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं व्हायचं होतं, म्हणून १९१५ मध्ये सीमेवरच्या गावांना कौल विचारला गेला, तेव्हा बहुतेकांनी इंग्लंडच्याच चर्चमध्ये राहायचं ठरवलं, आणि ही दोन्ही आजही हेरिफर्डकडेच आहेत. १८५८ पूर्वी मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टात सिद्ध होत, त्यामुळे आमचे कागद हेरिफर्डला होते. त्यात किंग्टनच्या नोंदणी जिल्ह्यात सीमेच्या दोन्ही बाजूंची गावं, म्हणून वेल्समधला जन्म इंग्लंडच्या गावाच्या नावाखाली नोंदलेला. चर्चची हद्द वेगळी, परगण्याची वेगळी, नोंदणीची तिसरीच. इथे शोध घेणाऱ्यानं निघण्याआधी गावागणिक या तिन्ही हद्दी कागदावर मांडाव्यात. नंतरचं सगळं काम त्यावर उभं राहतं.

सुरुवात घरूनच करा. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. तिची सूची सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येते आणि जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं. प्राइस, पॉवेल, डेव्हिस यांच्या गर्दीत आपलं माणूस ओळखायला तेवढा एकच धागा असतो. जनगणनेत १८५१ पासून जन्मगाव लिहिलेलं असतं. १८४१ ची मात्र जपून वाचा. पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, आणि जन्माबद्दल 'याच परगण्यात का' याचं हो किंवा नाही इतकंच उत्तर आहे. आमच्या एका पूर्वजापुढे 'नाही' दिसल्यावर तो लांबून आला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तो जन्मला होता किंग्टनला, घरापासून तीन मैलांवर!

आडनावाचं कोडं मराठी माणसाला लवकर उकलेल. आपण मधल्या नावात वडिलांचं नाव लावतो, तशी जुन्या वेल्समध्ये आडनावाऐवजी बापाचं नाव लावायची रीत होती. मुलाला 'अप', मुलीला 'वेर्ख'. रीसचा मुलगा 'अप रीस', त्याचं पुढे प्राइस झालं. 'अप हावेल'चं पॉवेल, 'अप ह्यू'चं प्यू. त्यामुळे खूप मागे गेलात की बाप आणि मुलगा यांची आडनावं वेगळी दिसतात. तिथे घाबरू नका, आणि चुकीचा माणूस म्हणून सोडूनही देऊ नका. तारखांचंही तसंच. १७५२ पूर्वी तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी १७३० अशी नोंद आपल्या हिशेबानं १७३१ ची. शकात ७८ मिळवायची सवय असलेल्यांना हे जड जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी हेरिफर्डच्या अभिलेखागारात गेलो. वेळ आधी घ्यावी लागते, पत्त्याचा पुरावा लागतो, शाई चालत नाही, पेन्सिल न्या. कोणते कागद हवेत ते आठवडाभर आधी कळवलं तर वेळ वाचतो. अशी ठिकाणं आठवड्यातले काही दिवसच उघडी असतात आणि मे महिन्यात दोन सोमवार सुट्टीचे येतात. पॉविसचं अभिलेखागार लँड्रिंडॉड वेल्सला आहे. शाळांची दप्तरं आणि परगण्याच्या कोर्टाचे कागद यांसाठी तिकडे जावं. आम्ही तिथे अर्धाच दिवस काढला.

हेरिफर्डला मृत्युपत्र निघालं. अठराव्या शतकाच्या शेवटचं, एकच पान. छोट्या शेतकऱ्यानं मुलीला एक गाय आणि एक बिछाना दिला होता, मुलाला अवजारं. खाली सही नाही, थरथरत्या हातानं काढलेली फुली. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "त्याला लिहिता येत नव्हतं, पण मुलीला विसरला नाही," म्हणाल्या. माझ्या कुलवृत्तांतात मुलींच्या नावापुढे रेघ थांबते, माझ्याही. ती गाय मला म्हणूनच इतकी मोलाची वाटली.

तिसरा दिवस ओल्ड रॅडनरसाठी ठेवला होता. वेल्श भाषेत याला पेनक्रेग म्हणतात, म्हणजे खडकाचा माथा. टेकडीवर चर्च, शेजारी जुनी खाणावळ, चार घरं, आणि समोर रॅडनर फॉरेस्टचे डोंगर. नावात फॉरेस्ट असलं तरी ते रान नाही, राजाचं शिकारीचं क्षेत्र होतं. रस्ते एका गाडीपुरते आणि दोन्हीकडे उंच कुंपणं, गाडी मागे घेता आली पाहिजे. मोबाइलचा भरवसा नाही, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर २०१ क्रमांकाचा नकाशा घेतला होता. शेतघरांची नावं त्यावर आहेत, आणि एकाच नावाचे दहा जण असलेल्या या भागात माणूस शेतघराच्या नावानंच ओळखला जायचा. १८४० च्या सुमाराचे, चर्चला द्यायच्या दशमांश कराचे (टाइद) नकाशे राष्ट्रीय ग्रंथालयानं ऑनलाइन ठेवले आहेत, ते शेजारी ठेवून पाहिलं तर वावरांची नावंही जुळतात.

कबरींवरची अक्षरं झिजली आहेत. खडूनं घासू नका, दगड खराब होतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढा, नाहीतर बाजूनं टॉर्च धरा. लेकीनं अशीच एक ओळ वाचून काढली, 'प्राइस' आणि खाली शेतघराचं नाव.

चर्चच्या आत बाप्तिस्म्याचं कुंड आहे. घडीव नाही, अग्निजन्य खडकाचा एक प्रचंड धोंडा वरून कोरलेला, खाली पायासारखे चार उंचवटे. किती जुना याबद्दल मतभेद आहेत, पण आमच्या यादीतल्या प्रत्येक बाळाच्या कपाळावर याच धोंड्यातलं पाणी पडलं होतं. आजीच्याही. सासूबाईंनी त्याच्या काठावर तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. लेक त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

शेतघर खाजगी मालकीचं आहे. अगोदर पत्र पाठवलं होतं, म्हणून मालकीणबाईंनी अंगणापर्यंत येऊ दिलं. न विचारता कुणाच्या फाटकात शिरू नका, आणि कोकरांच्या दिवसात कुत्रा तर नेऊच नका.

१७५४ मध्ये लागू झालेल्या विवाह कायद्याआधीचं एक लग्न अजून सापडलेलं नाही. चर्चनं बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकलांमध्ये ते असण्याची शक्यता आहे. त्यासाठी ऑक्टोबरमधली हेरिफर्डची वेळ घेतली आहे, आणि या खेपेला यादी सासूबाई स्वतः करताहेत.