गोव्याहून अँटवर्पला गेलेलं पुस्तक: चार दिवसांची अभ्यासफेरी

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचं औषधी वनस्पतींवरचं पोर्तुगीज पुस्तक छापून झालं. चारच वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातून काढला. मधल्या प्रवासात त्या ज्ञानाचं काय झालं, हे पाहायला बेल्जियममधल्या अँटवर्पला दोन आणि नेदरलँड्समधल्या लायडनला दोन दिवस दिले.

निघण्यापूर्वी दोन्ही पुस्तकांच्या डिजिटल प्रती शेजारी ठेवून एकच पदार्थ, समजा हिंग, ओळीने ताडून पाहा. ऑर्तांकडे दोन वैद्यांचा वाद चालतो, बाजारातली नावं येतात. क्लुसियसने संवाद काढून सरळ प्रकरणं केली. कोण म्हणालं, कुणाचं खोडलं, हे त्यात पुसट झालं. ही तुलना घरीच करून ठेवली नाही, तर तिथे काय मागवायचं तेच सुचत नाही.

अँटवर्पचा तो छापखाना आज प्लांटिन-मोरेटस संग्रहालय आहे; ते सोमवारी बंद असतं. वाचनकक्षाची वेळ वेगळी, ती आधी मागून घ्या. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. १५६७ची प्रत अष्टपत्री आहे: एक ताव तीनदा दुमडून आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं. पान उजेडाकडे धरलं की कागद बनवायच्या जाळीच्या तारांनी उमटलेल्या रुंद अंतराच्या रेषा उभ्या दिसायला हव्यात. आडव्या दिसल्या तर घडी वेगळी किंवा पान मागाहून घातलेलं, असा संशय घ्यावा. स्क्रीनवर हे सहसा कळत नाही. एकाच प्रतीवरून अख्ख्या आवृत्तीबद्दल बोलू नये, कारण छपाई चालू असतानाही दुरुस्त्या होत.

खरा खजिना मात्र लाकडी ठशांचा, सुमारे १४,००० ठसे. एकच चित्र अनेक ग्रंथांत फिरे. ठशाला चीर गेली की छापात पांढरी रेघ उमटते; तीवरून कुठला छाप आधीचा ते ठरवता येतं.

लायडनला रॉटरडॅममार्गे रेल्वेने जा. क्लुसियसचा सुमारे १५०० पत्रांचा संग्रह विद्यापीठ ग्रंथालयात आहे आणि ऑनलाइनही, म्हणून मूळ पत्र अक्षर अडलं तरच मागवा. १५८२मध्ये नवं (ग्रेगोरियन) पंचांग आलं, त्यानंतरच्या तारखांत फसगत होते: इंग्लंडमधून आलेलं पत्र जुन्या पंचांगाचं, दहा दिवस मागे. जुन्या रोमन लिपीतला लांब 's' हा 'f' वाचला जातो, आणि स्वरावरची आडवी रेघ म्हणजे गाळलेला 'n' किंवा 'm'.

शेवटी वनस्पती उद्यानातली क्लुसियसची बाग पाहा. ती १५९४च्या यादीवरून पुन्हा उभारलेली आहे. लवंग-जायफळ तिथे शोधू नका. तो माल युरोपात बहुतेक वाळूनच पोचे.