सरांचा जाड कागद

जानेवारीतला शनिवार, रात्रीचे पावणेआठ. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या प्रिंटर-कार्ट्रिजच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात सरांचा फोन आला. "अरे, अक्षरं हाताला येऊलीत की! काय भरलास त्यात?"

सर म्हणजे मला हायस्कूलला मराठी शिकवलेले सर. गाव बाचीच्या अलीकडं, तिथून गाडीवर थोडं पुढं गेलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. आमच्या सीमाभागात थंडी पडली की गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनी ही नावं तर सगळ्यांना ठाऊक. त्या साली सरांच्या गावच्या संमेलनाचे स्वागताध्यक्ष सरच होते. रविवारी सकाळी ग्रंथदिंडी, मग त्यांचं भाषण. भाषण घरच्या प्रिंटरवर छापायचं होतं आणि दोन दिवसांआधीच मी त्यांचं कार्ट्रिज, म्हणजे छपाईच्या पावडरीचा डबा, भरून दिलं होतं.

प्रिंटर एचपीचा लेसर, १०२०, म्हणजे टेन-ट्वेंटी. आमच्या धंद्यात याला बैल म्हणतात, मरत नाही. आतलं इंजिन कॅननचं, कार्ट्रिज १२ए. कॅननच्या एलबीपी २९०० प्रिंटरचं ३०३ कार्ट्रिज हे त्याचंच जुळं भावंड, म्हणून कॉम्पॅटिबलच्या, म्हणजे बाहेरच्या कंपनीनं बनवलेल्या कार्ट्रिजच्या, खोक्यावर दोन्ही नंबर शेजारी-शेजारी छापलेले असतात. या कार्ट्रिजला चिप नाही. हल्लीच्या बऱ्याच घरगुती प्रिंटरच्या कार्ट्रिजला चिप असते, आणि कंपनीचं अपडेट आलं की कधीकधी काल चालणारं बाहेरचं कार्ट्रिज आज प्रिंटर ओळखतच नाही. टेन-ट्वेंटीला ती कटकट नसल्यामुळं माझ्यासारख्याचं पोट चाललंय.

पिशवीत फ्युजरची, म्हणजे पावडर तापवून कागदावर चिकटवणाऱ्या भागाची, फिल्म घातली, एक प्रेशर रोलर घातला, आणि जरा विचार करून कपाटातलं सीलबंद ओरिजिनल १२ए पण घेतलं. दुकानात ते एकच होतं. पाच हजारांच्या वरचा माल असा थंडीत गाडीला अडकवून न्यायचा म्हणजे जिवावर येतं. हिंडलगा, सुळगा करत पोचलो तेव्हा कानांचा बर्फ झाला होता.

सरांनी दारातच कागद पुढं केला. "सन्माननीय रसिकहो" या ओळीवरनं अंगठा फिरवला की शिरोरेषा गायब आणि अक्षरं सुटी लोंबकळलेली. मराठी कागदावर पावडर कच्ची बसली तर आधी शिरोरेषाच जाते. एवढी लांब, सलग काळी रेघ असते ना. कन्नड उताऱ्याचा कागद असता तर कदाचित इतक्या लवकर नजरेला आलं नसतं, तिथं शिरोरेषाच नाही.

पहिला संशय अर्थातच फ्युजरवर. लेसरची पावडर म्हणजे शाई नव्हे, ते बारीक दळलेलं प्लॅस्टिक. काळा रंग आणि या जातीत लोहाच्या ऑक्साइडची भुकटी मिसळलेली. ड्रमवरनं, म्हणजे अक्षरं उमटवणाऱ्या फिरत्या नळीवरनं, ती कागदावर नुसती येऊन बसते, मग फ्युजरमधल्या दीड-दोनशे डिग्रीत वितळून चिकटते. फिल्म फाटली असेल तर पट्ट्यापट्ट्यानं पुसलं जातं. इथं पानभर सगळीकडं सारखंच पुसलं जात होतं. म्हणजे फिल्म ठीक.

मग कागद हातात घेतला. जाड, पांढराशुभ्र, १०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम. "संमेलनाचं भाषण आहे, साध्या कागदावर कसं छापायचं," सर म्हणाले. त्यांच्या टेबलावरचा साधा ७५ जीएसएमचा कागद घालून तीच ओळ काढली. अंगठा फिरवला. बसली होती. बऱ्यापैकी.

तेव्हाच मला उमगलं होतं, पण मान्य करायला आणखी एक कागद लागला. ओरिजिनलचं सील फोडलं, कार्ट्रिज हलवून आत बसवलं, जाड कागद घातला. अंगठा, नख, ओला अंगठा. अक्षर जागचं हललं नाही.

"मग बिघाड कशात हाय?" सरांनी विचारलं.

"पावडरीत, सर."

"ती कुणी भरली?"

"मीच."

झालं असं होतं की त्या महिन्यात नेहमीची पावडर सोडून मी दुसरीकडनं दोन किलो स्वस्तातली घेतली होती. पाकिटावर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं. एका १२ए ला साधारण शंभर ग्रॅम पावडर लागते, त्यात चार पैसे वाचत होते. दुकानात टेस्ट केली ती ७५ जीएसएमवर, आणि तिथं ती पास झाली. प्रत्येक पावडर वितळायची उष्णता वेगळी असते. ही जरा जास्त मागणारी निघाली, आणि जाड कागद स्वतःच अर्धी उष्णता खातो. दोन्ही एकत्र आलं आणि सरांचं भाषण कच्चं राहिलं.

सर रागावले नाहीत. निबंधाची वही परत देताना जसे बघायचे तसे बघितले, त्यानंच मला जास्त लागलं.

एक उपाय करून बघितला. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'प्लेन' होता, तो 'हेवी' केला. याने फ्युजर जास्त तापतो. जाड कागद घालणाऱ्या प्रत्येकानं हे करायलाच पाहिजे, पण घरात कोण बघतंय? माझीच पावडर परत घातली. मजकूर बसला, पण वरचं ठळक शीर्षक अजून बोटाला येत होतं. नाद सोडला. कार्ट्रिज काढताना घाईत तिरकं झालं आणि पावडर माझ्या शर्टवर आणि सरांच्या बाहीवर. काकू लगेच गरम पाणी घेऊन आल्या. "काकू, गरम नको!" मी ओरडलोच. प्लॅस्टिक ते, गरम पाण्यानं कापडात कायमचं बसेल. आधी झटकायचं, मग गार पाणी. त्या थंडीत गार पाण्यानं सरांची बाही धुताना काकूंनी मला ऐकवलेले शब्द इथं लिहीत नाही.

भाषणाची चौदा पानं ओरिजिनलवर काढली. मग चहा झाला, आणि सरांनी हिशेब मांडला, त्यांना तो आवडतो. "हे ठेवून घेतलं तर?" खोक्यावर दोन हजार पानं लिहिलेली असतात. पण ते पानाचा पाच टक्के भाग काळा होतो असं धरून, म्हणजे छोटंसं पत्र. सोळा पॉइंट ठळक मराठीला ते लागू नाही. तरी धरू. सर महिन्याला चाळीसेक पानं काढतात. म्हणजे चार वर्षं. पानाला अडीच रुपये आणि वर काही. माझं रिफिल तीनशे रुपयांचं, पानाला पंधरा-वीस पैसे.

"म्हणजे तुझंच बरं," सर म्हणाले.

खरं सांगायचं तर तेवढं सोपं नाही. १२ए मध्ये ड्रम कार्ट्रिजच्या आतच असतो. रिफिल तीनशेत होतं ते ड्रम न बदलता. दोन-तीनदा भरलं की ड्रम झिजतो आणि पानावर साधारण ७५ मिलिमीटरच्या अंतरानं तोच ठिपका परत परत येतो, तो ड्रमचा एक फेरा. ड्रम आणि तो पुसणारं वायपर ब्लेड बदलायचं तर पाचशेच्या पुढं जातं, आणि तेवढ्यात नवं कॉम्पॅटिबल मिळतं, नव्या ड्रमसकट. सरांसारख्याला मी तेच सांगतो. गिऱ्हाईक मात्र तीनशेच ऐकतं. आणि 'ओरिजिनल अर्ध्या किमतीत' असं कुणी म्हणालं तर उठून यावं. भंगारवाले ओरिजिनलचं रिकामं खोकं वेगळ्या भावानं मागतात. कशाला मागतात ते मला माहीत आहे, म्हणून मी खोकं फाडूनच टाकतो.

ओरिजिनल सरांनी घेतलं नाही. त्या जागी नेहमीच्या पावडरीचं भरलेलं दुसरं सोमवारी फुकट आणून देतो म्हणालो. रात्री साडेअकराला निघालो.

रविवारी मंडपात मागच्या रांगेत बसलो होतो. सर काय बोलले ते फारसं आठवत नाही, माझं सगळं लक्ष पानं उलटणाऱ्या त्यांच्या अंगठ्याकडं.

सोमवारी वही काढली. त्या पावडरीची अकरा कार्ट्रिजं बाहेर गेली होती. सरांचं सोडून दहा जणांना फोन केले. सहा जणांनी आणून दिली, दोघांनी उचललाच नाही. निपाणीचे एक वकील भडकले, त्यांचं बरोबरच होतं. अनगोळच्या एका ताईंनी मात्र साफ नकार दिला. "पोराचे शाळेचे कागद छान येऊलेत की ओ. चाललेलं कशाला काढायचं?" साध्या कागदावर त्यांना काहीच त्रास नव्हता, आणि नसणारच. जाड कागद घालू नका एवढं सांगून मी फोन ठेवला.

उरलेली पावडर परत घ्यायला विकणारा तयार झाला नाही. ती काउंटरखाली आहे. ते फोडलेलं ओरिजिनलही दुकानातच आहे, विकलं नाही. आता नवी पावडर आली की आधी त्यावर एक पान, मग नव्या पावडरीवर एक पान, दोन्ही सरांनी दिलेल्या १०० जीएसएमच्या गठ्ठ्यातल्या कागदावर. गठ्ठा निम्मा संपलाय.