गायडुशेकचा फोटो

फोंडा, शुक्रवार

विज्ञान दिन आठवड्यावर आलाय. बारावीच्या मुलींनी प्रायॉनवर (मेंदूचे रोग पसरवणारं बिघडलेलं प्रथिन) तक्ता करायला घेतला आणि मधोमध कार्लटन गायडुशेकचा फोटो डकवला. कुरू या मेंदूच्या रोगावरच्या कामासाठी १९७६चं नोबेल. स्टाफरूममध्ये मी म्हटलं, याने १९९७ साली मुलाच्या लैंगिक शोषणाचा गुन्हा कबूल केला होता, तुरुंगातही जाऊन आला. फिजिक्सचे सर लगेच म्हणाले, "बाई, माणूस वेगळा, काम वेगळं."

दुसऱ्या कुणाबद्दल हे मी ऐकून घेतलं असतं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांतल्या फोरे लोकांत तो १९५७ पासून जात होता. मेलेल्या आप्ताला खाऊन निरोप द्यायची त्यांची रीत होती. मेंदू बायका-मुलांच्या वाट्याला यायचा, थरथरत मरायचीही तीच जास्त. (रीत आणि रोग यांचा धागा जुळवला शर्ली लिंडनबॉम आणि रॉबर्ट ग्लास यांनी. तक्त्यावर त्यांचा पत्ता नाही!) घरच्यांनी शवविच्छेदन करू दिलं, तो मेंदू चिंपांझींना टोचला, आणि दोनेक वर्षांनी त्यांनाही कुरू झाला. १९६६ साली हे छापून आलं. पुढचा सगळा प्रायॉनचा अभ्यास या पायावर उभा आहे.

त्याच भटकंतीत पापुआ आणि मायक्रोनेशियातून पन्नासहून जास्त मुलं, बहुतेक मुलगेच, त्याने अमेरिकेत आपल्या घरी नेली. शिकवली, हे खरं. काही जण शेवटपर्यंत त्याच्या बाजूने बोलले, हेही खरं. पण डॉक्टर म्हणून ज्याच्या हाती लोकांनी मेलेलं माणूस सोपवलं, त्याच्याच हाती जिवंत पोरंही सोपवली. मग काम वेगळं कुठून काढायचं? आमच्या सत्तरी तालुक्यात माकडताप आला तेव्हा लोकांनी रक्ताचे नमुने दिलेच ना, अनोळखी माणसांना? तेवढा भरवसा असल्याशिवाय रोगाचा माग लागत नाही.

फोटो काढायला सांगितला. नाव मात्र राहील, खाली दोन्ही सालं: १९७६चं नोबेल, १९९७चा गुन्हा. १९९७चंच नोबेल प्रायॉनसाठी स्टॅन्ली प्रुसिनरना मिळालं, त्यामुळे मुलींनी त्या सालापुढे तेवढंच लिहिलं होतं. रिकाम्या जागेत फोरे बायकांबद्दल चार ओळी आणि लिंडनबॉम-ग्लास.

सर म्हणतात, पालक विचारतील. विचारू देत, मी तक्त्यापाशीच उभी असणार. प्राचार्यांशी सोमवारी बोलायचंय, त्यांना पटवणं जास्त अवघड.