आमची वाटचाल: सात शेतकरी, एक गाडी

वागळे इस्टेटमधला पोटमाळा, दोन जुने कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि फॉक्सप्रो हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर प्रोग्रॅम लिहून द्यायचं आम्ही दुकान मांडलं. मधली वर्षं बरी गेली, ती सोडून देतो. बुडता बुडता वाचलो ते वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात.

एका आडत्याच्या हिशेबाचा प्रोग्रॅम करायचं काम होतं. ‘काय काय हवंय?’ विचारलं, तर शेठ म्हणाले, ‘सगळं.’ मी दोन बैठकांत वही भरली आणि टेबलं पाडून मोकळा झालो. माहिती टेबलांत मांडायचं कॉडचं 1970 चं रिलेशनल मॉडेल, वस्तू आणि त्यांची नाती दाखवणाऱ्या चेनच्या 1976 च्या ईआर आकृत्या, सगळं पाठ होतं. तरी धरून चाललो की एका गाडीत एकाच शेतकऱ्याचा माल. पहिलीच गाडी सात जणांचे डाग, म्हणजे गोण्या, घेऊन आली. ऑपरेटरने सात ओळी भरल्या, सातही पट्ट्यांतून, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदांतून, गाडीचं पूर्ण भाडं कापलं गेलं. त्यात भाव मी मालाच्या मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या कायमच्या यादीत, ठेवलेला. जुनी पट्टी पुन्हा छापली की आजच्या भावाने निघायची. गाळ्यावर शिव्या कुणी खाल्ल्या, सांगायला नको.

तेवढ्यात प्रोग्रॅम विकणाऱ्या दुसऱ्या एकाने मार्केटभर केलं, ‘ठाणेवाल्याचा प्रोग्रॅम शेतकऱ्याला बुडवतो.’ माझी चार गिऱ्हाइकं गेली. त्याने स्क्रीन माझीच उचलली, ‘तोलाई’तली माझी टायपिंगची चूकसुद्धा! त्याची ती फ्लॉपी मी अजून जपून ठेवली आहे.

शेठ मात्र हलले नाहीत. त्यांच्या दिवाणजींनी तारेला टोचलेल्या वर्षभराच्या पट्ट्या पुढ्यात टाकल्या. ‘साहेब, आधी ह्या वाचा.’ आठ दिवस पहाटेपासून गाळ्यावर बसलो. नामांखाली लाल रेघ, क्रियापदांखाली निळी. लालमधून टेबलं निघाली: गाडी, शेतकरी, खरेदीदार. निळ्यातून नाती: माल उतरला ती आवक, माल गेला ती विक्री. गाडी आणि शेतकरी यांच्यामध्ये आवकेचं टेबल बसलं, डाग आणि वजन त्यात. भाडं गाडीपाशी एकदाच, वाटणी डागांवर. एकाच गावात एकाच नावाचे तिघे निघाले, म्हणून ओळखीची ‘की’ (key) नावाची नाही, कोडची. गाव शेतकऱ्याच्या ओळीत, पट्टीत पुन्हा नाही. भाव मात्र विक्रीच्या ओळीत. ती पुनरुक्ती नव्हे, त्या दिवशी ठरलेला सौदा आहे. नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच जागी, हे घोकणारे इथेच घसरतात.

नव्या पोरांनो, गिऱ्हाइकाला ‘कोणते फील्ड हवेत’ विचारू नका. ‘एकाला दोन असतात का? माल परत आला तर काय करता?’ हे विचारा. आणि जो कागद रोज फाटतो तो मागून घ्या.

त्या दुसऱ्याच्या टेबलात शेतकरी1 ते शेतकरी10 असे कॉलम होते. अकरावा आला की कागदावर दुसरी गाडी उभी करायचे, हे मला पुढे एका हमालाने सांगितलं. चहा मीच पाजला त्याला, दोनदा.