हीटर, बोद्रान आणि ब्रिजिडची रात्र

मी आयर्लंडमध्ये लाइव्ह साउंड करतो. ३१ जानेवारीला किल्डेअरजवळच्या एका छोट्या चर्चमध्ये काम होतं, सगळी ब्रिजिडची गाणी. ब्रिजिड म्हणजे आयर्लंडची संत, आणि त्याच नावाची जुनी देवीपण. १ फेब्रुवारी तिचा दिवस, २०२३ पासून तिच्या नावाची सरकारी सुट्टीपण आहे.

चर्च जुनं, दगडाचं आणि आत नुसता ओलावा. साउंडचेकला बोद्रानवाल्याने (बोद्रान म्हणजे आयरिश डफ) काठी मारली तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज. बकऱ्याचं कातडं ना ते, दमट हवेत सैल पडतं. म्हणाला हीटर फुल कर. केला. अर्ध्या तासात बोद्रान मस्त घुमायला लागला आणि हार्पवाली भडकली, कारण तिने आत्ताच लावलेल्या ३४ तारांचा सूर हलला, त्यात पाइपवाला, म्हणजे कोपराने भाता दाबून वाजवतात ते इलन पाइप, तो म्हणे माझ्या रीड (आवाज काढणाऱ्या पात्या) सुकतायत, हीटर बंद कर. डोअर्स उघडायला पाऊण तास आणि मी रिमोट घेऊन मधे उभा.

शेवटी मोठा हीटर बंद केला आणि मागच्या खोलीत एक छोटा लावून बोद्रान तेवढा तिथे ठेवला. आपल्याकडे हलगी जाळावर शेकतात ना, तसंच. आता त्यावर लक्ष कोण ठेवणार? मीच.

तिथे एक आजीबाई लव्हाळ्याचे ब्रिजिडचे क्रॉस विणत बसलेल्या. मला बघून हसायलाच लागल्या. किल्डेअरला ब्रिजिडची अखंड ज्योत होती, १९ नन्स पाळीपाळीने एकेक रात्र जागायच्या आणि विसाव्या रात्री म्हणे ब्रिजिड स्वतःच सांभाळायची, पण कुंपणाच्या आत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, असं १२ व्या शतकात लिहून ठेवलंय. ती ज्योत पुढे विझली, १९९३ ला ननांनीच परत पेटवली. आणि इथे मी, हीटरपाशी.

कार्यक्रमात आधी संत ब्रिजिडची स्तोत्रं होती, नंतर देवी ब्रिजिडचा विलाप. मुलगा रुआदान मेल्यावर ती रडली आणि आयर्लंडमध्ये रडणं पहिल्यांदा ऐकू आलं, अशी जुनी कथा. मी मिक्सरवर दोन सीन, म्हणजे आवाजाची तयार सेटिंग्ज, सेव्ह केले होते, 'संत' आणि 'देवी'. देवीला रिव्हर्ब (वरून घातलेला घुमारा) शून्य, चर्चच एवढं घुमत होतं की वरून काय घालणार. आजींना विचारलं, तुम्ही नक्की कोणाला मानता, संत की देवी? त्या म्हणाल्या, हे टोक धर जरा घट्ट.

विलापाला फक्त गाणारीचा आवाज आणि पाइपचा ड्रोन, म्हणजे मागे सलग धरलेला एकच सूर. मी फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) जवळजवळ तळाला आणले, मागच्या रांगेपर्यंत तरीही सगळं पोचत होतं. नंतर बोद्रान आणला तर तो नको इतका तापलेला, आवाज टणटण, वादकाने बाटलीतलं पाणी तळव्यावर घेऊन कातड्याला चोळलं आणि माझ्याकडे असं बघितलं की बास.

निघताना आजींनी एक क्रॉस दिला, तो माझ्या केबलच्या पेटीला गॅफर टेपने चिकटवलाय. तेव्हा हिरवागार होता, आता पार पिवळा पडलाय.