अर्धं जहाज रिकामं का आणलं?

तुम्ही विचारलंत म्हणून. खरं तर वीस वर्षं विचारताय. सुट्टीवर नागपूरला आलो की कोणाच्या ना कोणाच्या लग्नात हे निघतंच. मामांचे ट्रक कोराडीला कोळसा टाकायचे, त्यामुळे ते पहिले : "काऊन गा, पंचावन्न हजार टनाचं जहाज अन् माल अठ्ठावीस हजार? अर्धं रिकामंच आणलं?"

मामा, ट्रक काट्यावर चढतो. जहाजाला काटा नाही, ते स्वतःच काटा आहे. पाण्यात किती बुडालं, त्यावरून वजन कळतं. साडेआठ मीटरच्या आसपास आमचं जहाज आणखी एक सेंटिमीटर बुडायला साधारण ५४ टन लागायचे. पंचावन्न हजार हा आकडा खोल समुद्रातला, आणि त्यातही इंधन-पाणी धरलेलं. आम्हाला जायचं होतं नदीतल्या बंदरात. तिथे साडेआठ मीटरच्या वर ड्राफ्ट, म्हणजे जहाजाचा पाण्याखालचा भाग, चालत नव्हता, कारण खाली गाळ. म्हणजे किती भरायचं, ते माझ्या आधी नदीचा तळ ठरवतो.

आता ते सांगतो, जे लग्नात सांगता येत नाही.

मी चीफ ऑफिसर होतो, माल किती भरायचा याचा हिशोब माझा. इंडोनेशियात समुद्रात नांगरून कोळसा भरत होतो. हिशोब उलटा, पोहोचतानाचा : साडेआठ मीटरला जहाजाचं एकूण वजन खाऱ्या पाण्यात ४१,००० टन. पण नदीचं पाणी हलकं, त्यात जहाज जास्त बुडतं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, तिथे आधीच्या फेरीत १.०१५ मिळाली होती, वहीत माझ्याच अक्षरात. तीच धरली. आले ४०,६००. त्यातून रिकामं जहाज १०,५००, पोहोचताना उरणारं इंधन १,१००, पिण्याचं पाणी ३००, दोरखंड-गाळ-सटरफटर ३००. उरला माल २८,४०० टन. भरला.

ती वही मार्चची होती. आम्ही पोहोचलो ऑगस्टमध्ये. वरून पूर आलेला, घनता १.००५. म्हणजे ४०० टन जास्त. साडेसात सेंटिमीटर. हातभरसुद्धा नाही, चार बोटं. जहाज नदीतून आत नेणाऱ्या पायलटने नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं.

जादा माल उतरवून घ्यायला बार्ज, म्हणजे मालाची सपाट होडी, पावसाळी लाटांत बाजूला लागेना. मी पिण्याचं २०० टन पाणी समुद्रात सोडायला लावलं, तेव्हा पावणेचार सेंटिमीटर सुटले. पंचवीस माणसांना आंघोळीला एक बादली. त्यातला एक खलाशी तापाने फणफणलेला होता, तोही काही बोलला नाही. कॅप्टनही नाही. उरलेल्या चार सेंटिमीटरसाठी अमावस्येच्या उधाणाची पाच दिवस वाट पाहिली. रोज सकाळी मी ड्राफ्टचे आकडे वाचायला जायचो, जणू रात्रीतून बदलतील.

मी निष्काळजी नव्हतो. बंदरातल्या एजंटला घनता विचारली होती, उत्तर आलं नव्हतं. पण तेव्हाच्या मला मी म्हणतो, पुन्हा का नाही विचारलंस? तो म्हणतो, लोडिंग थांबवलं असतं तर तासाचा खर्च कोण देणार होतं? आणि ४०० टन कमी भरून पाणी खारंच निघालं असतं, तर भाडं बुडवलं म्हणून मलाच विचारलं असतं ना? त्याचंही खोटं नाही. पण ऑगस्टात पूर येतो हे कळायला एजंट कशाला हवा होता? विदर्भात वाढलेला मुलगा मी.

तेव्हापासून मी पावसाळ्यात १.००० धरतो, म्हणजे पूर्ण गोडं पाणी. कंपनीतून फोन येतो, एवढा माल का सोडला? मामा, तुमचाच प्रश्न.