आज किती?

बाक पाण्यात होता. पाठ टेकायची फळी वर होती, बसायची फळी लाट आली की बुडायची आणि गेली की दिसायची. पुढे दिव्याचे दोन खांब गुडघाभर पाण्यात, आणि त्यांच्या पलीकडे झाडांची एक रांग नुसत्या खोडांनी उभी, पाय कुठे ठेवलेत ते न दाखवता. माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "चढतंय."

चढतंय की उतरतंय, हे मला काय कळणार? नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरला येऊन मला पुरता अर्धा तास झाला नव्हता. आयसल नदी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. पण सांगलीच्या माणसाला नदी दाखवावी आणि त्यानं पाण्याविषयी मत देऊ नये, हे होणे नाही.

मुलगा ॲमस्टेलवीनला असतो. त्याच्याकडे तीन महिने राहायला आले की आठवड्यातून एक दिवस तो मला गाडीत बसवून कुठल्यातरी गावाला धाडतो. "आई, घरात बसून पोळ्या करत बसू नकोस." फेब्रुवारीतल्या त्या दिवशी त्यानं डेव्हेंटर दिलं होतं, सोबत यादीही. ब्रिंक चौक, तिथली वाख, तिच्या भिंतीवरची कढई, बर्गकर्क नावाचं चर्च आणि मधाचा केक. यादीत नदी नव्हती. तरी स्टेशनातून बाहेर पडले आणि पाय कसे कोण जाणे उताराला लागले. चौक मध्येच लागला, तो ओलांडून सरळ वेलेवर. वेले म्हणजे नदीकाठचा रस्ता. त्याच्या खालचा धक्का त्या दिवशी नव्हताच, नदीनं घेतला होता. पलीकडच्या काठावर नेणारी छोटी होडीही बंद होती.

माझ्यासारखे बरेच जण होते. कुणी कुत्रा घेऊन, कुणी बाबागाडी ढकलत. हातात पिशवी नाही, कुठे जायची घाई नाही, नुसते उभे. मुलाला नंतर सांगितलं तर म्हणाला, डच लोकांत याला शब्दच आहे, होखवाटर कायकन. वाढलेलं पाणी बघणं. मला इतकं बरं वाटलं! पूर बघायला जाणं हा फक्त आमचाच नाद आहे, असं मी पन्नास वर्षं समजत होते.

लहानपणी ऑगस्ट उजाडला की अण्णा संध्याकाळी सायकल काढायचे. मी पुढे दांडीवर, धाकटा भाऊ मागे कॅरियरला. आयर्विन पुलावर अख्खी सांगली लोटलेली असायची. शेंगावाले, कणीसवाले, कुणीतरी कठड्यावरून नारळ सोडतंय, कुणी आजी नदीला हळदकुंकू वाहतेय. खाली कृष्णा चहाच्या रंगाची. तिच्यातून झाडं, पेंढ्या, एकदा तर शाबूत छप्पर वाहत गेलं. पण अण्णांचं लक्ष असल्या तमाशाकडे नसायचं. ते पुलाच्या खांबावरच्या आकड्यांकडे बघायचे. घरी येईपर्यंत वाटेत दहा जण विचारायचे, "आज किती?" अण्णा म्हणायचे, "बत्तीस." नाहीतर, "अडतीस, पण कोयनेतून सोडलंय." कशाचे बत्तीस, हे कुणी विचारायचं नाही. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ. इतर गावांतली मुलं पावसाळ्यात कागदाच्या होड्या करायची. आम्ही भावंडं अंगणातल्या डबक्यात फूटपट्टी रोवून एकमेकांना पातळी सांगायचो.

त्या सवयीनं पुढे माझं पर्यटन पार नासवलं. नाशिकला गेले की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी येतं ते आधी. वाईला घाटाच्या पायऱ्या मोजायच्या आणि मग ढोल्या गणपती. नवरा म्हणायचा, तुला ताजमहाल दाखवला तरी तू मागं जाऊन यमुना बघशील. मी ती बघितली होती. पाणी फार खाली होतं.

असो. यादी पुरी करायची म्हणून मागे वळले.

वाख म्हणजे गावाच्या काट्याची इमारत, १५२८ची. व्यापाऱ्याचा माल इथं गावाच्या अधिकृत काट्यावर चढायचा आणि गाव त्याची फी घ्यायचं. लोणी असो, मासे असोत, तुझा काटा नको, माझाही नको, गावाचा घे. हळदीच्या पेठेतला मापाडीच, फक्त त्याला इथं विटांचा वाडा बांधून दिलेला. तिच्या बाहेरच्या भिंतीवर तांब्याची एक भली मोठी कढई टांगली आहे. १४३४ साली खोटी नाणी पाडणाऱ्याला तिच्यात उकळून मारलं, असं सांगतात. कढईला भोकं आहेत. ती म्हणे पुढे फ्रेंच शिपायांनी नेमबाजीचा सराव करताना पाडली. मी मान वर करून बराच वेळ बघत राहिले. आमच्या लग्नकार्याच्या बासुंदीची कढई साधारण एवढीच असायची. मग पुढचं काही सुचेना, म्हणून यादीतला केक आधी उरकला.

बुसिंकचं दुकान ब्रिंकवरच आहे आणि पाटीवर १५९३ साल आहे. केक म्हणायचं खरं, पण ना लोणी ना फुगवटा. विटेसारखा चौकोनी, तपकिरी, मधाचा आणि मसाल्याचा. दाताखाली आधी चिवट लागतो आणि मग हळूच विरघळतो. त्याला टिकायचंच होतं, नावेवर जायचं होतं. डेव्हेंटर म्हणजे हान्सा संघातलं, उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या जुन्या संघातलं, मोठं गाव. इथले व्यापारी पार नॉर्वेतल्या बर्गनपर्यंत जायचे आणि तिथून वाळवलेला मासा आणायचे. वर्षातून पाच मोठे बाजार भरायचे. पुढे आयसल गाळानं भरत गेली, मोठी गलबतं येईनाशी झाली, तिकडे ॲमस्टरडॅम वाढलं आणि गावाचं महत्त्व ओसरलं. नदीनं दिलं आणि नदीनंच काढून घेतलं. मला विचाराल तर ओसरलं ते बरंच झालं. नाहीतर या गल्ल्या इतक्या जुन्या राहिल्या असत्या का?

गल्ल्यांचा हा भाग म्हणजे बर्गक्वार्तीर. बर्ग म्हणजे डोंगर. मी बूट घट्ट बांधले, पाण्याची बाटली चाचपली आणि चढायला सुरुवात केली, तर दोन मिनिटांत संपला. एवढ्याशा उंचवट्याला आम्ही टेकाडही म्हणणार नाही. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकापेक्षा थोडा जास्त, एवढंच. पण वर पोचल्यावर, बर्गकर्कच्या दोन मनोऱ्यांखाली उभं राहून खाली बघितलं आणि हसू गेलं. वाऱ्यानं आणि नदीनं मिळून रचलेली ती वाळूची टेकडी. सपाट मुलखात, नदीच्या काठाला, पायाखाली कोरडी जमीन असलेली चार-पाच मीटर उंची. तिला डोंगर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? २०१९च्या ऑगस्टमध्ये कुणी मला एवढा डोंगर दिला असता तर मी त्याला सह्याद्री म्हटलं असतं.

त्या साली आयर्विनला सत्तावन्न फुटांवर गेलं. अण्णा-आई गावभागातल्या घरात होते. "पन्नासच्या वर आपल्या दारात येत नाही," असं अण्णा एकावन्नपर्यंत म्हणत होते. मग नावेतून निघाले आणि मिरजेला बहिणीकडे गेले. तिथं दिवसभर फोन लावून ज्याला त्याला एकच प्रश्न. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा घरात चिखल, कुजक्या धान्याचा वास, आणि भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला एक रेघ. सरळ. कुणी ओळंबा लावून मारावी अशी सरळ. दिवाळीआधी रंगारी आला तर अण्णा म्हणाले, तेवढी सोडून रंगव. आता बैठकीच्या खोलीत पिस्ता रंगाच्या दोन पट्ट्यांमध्ये चार बोटं जुनी भिंत आहे. तिच्याखाली पेन्सिलीनं तारीख. पाहुणे आले की आधी फॅनकडे बघतात आणि मग तिच्याकडे.

तेव्हा सांड्रास्टेख नावाच्या बोळात ११३०च्या आसपासचं दगडी घर आहे, नेदरलँड्समधल्या सगळ्यांत जुन्या दगडी घरांपैकी, असं कळल्यावर मी तिथं जाऊन काय केलं असेल? भिंतीला नाक लावून रेघ शोधली. दगड खडबडीत, काळपट, मध्येच विटांची ठिगळं. रेघ काही सापडली नाही. शेजारून सायकलवर गेलेल्या बाईंनी वळून बघितलं.

मुलानं एकदा मला नकाशावर दाखवलं होतं. ऱ्हाईन नदी या देशात शिरली की तिच्या वाटण्या होतात. ढोबळ हिशेब नऊ भागांचा. सहा भाग वालला, दोन भाग नेडररायनला, उरलेला एक आयसलला. एखाद्या नीटनेटक्या घरात आमटी वाढावी तसं. मी त्याला म्हटलं, आणि वरून जास्त आलं की? वरून म्हणजे जर्मनीतून. आमच्याकडे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नुसतं नाव काढलं तरी चहाची टपरी दोन तास चालते, तेही खालच्या अंगाला असून. तो म्हणाला, १९९५ साली आलं होतं. तेव्हा अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी बंधारे आणखी उंच करायचं सोडून नदीलाच जागा करून द्यायचं ठरवलं. तीसेक ठिकाणी बांध मागे सरकवले, पूरमैदानं खोल केली, जादा पाट खणले. डेव्हेंटरच्या समोरच्या काठावरही खणलेत. हे ऐकताना मला आमची निळी पूररेषा आठवली, लाल पूररेषा आठवली आणि त्या दोन्हींच्या आत उठलेले बंगले आठवले. त्यातला एक आमच्या चुलतभावाचा आहे. त्याच्या वास्तुशांतीला मी जेवले आहे, जिलबी दोनदा घेतली आहे. त्यामुळे पुढं बोलत नाही.

चारच्या सुमाराला पुन्हा वेलेवर. यादीतलं लेबुइनस चर्च राहिलं, इरास्मस लहानपणी ज्या शाळेत होता तिची जागाही राहिली. उजेड मळका झाला होता. एका अंगाला विल्हेल्मिना पूल. १९४०मध्ये एकदा आणि १९४५मध्ये एकदा उडवलेला, पुन्हा बांधलेला. पुढे एका गाजलेल्या युद्धपटात यानंच आर्न्हेमच्या पुलाचं काम केलं, कारण खुद्द आर्न्हेमच्या पुलाच्या भोवतीचं गाव तोवर फार नवं दिसायला लागलं होतं. आयर्विनला कुणी असं काम दिलं नाही. १९२९पासून तो आपला स्वतःचंच काम करतोय.

आणि काठालगत, पाण्यात, आकड्यांची पट्टी दिसली. सकाळी इतकं बघून ती नजरेतून सुटली कशी? अण्णांना फोन लावला. तिकडे साडेआठ वाजले होते, जेवण होऊन बातम्या चालू असणार.

"अण्णा, नदीवर आहे. पाणी बघतेय."

टीव्हीचा आवाज बंद झाला. "किती?"

"पाच आणि सहाच्या मध्ये."

"फूट? एवढ्यासाठी परदेशातून फोन केलास?"

"फूट नाही हो. मीटर. आणि तेही ॲमस्टरडॅमच्या समुद्रपातळीपासून मोजतात."

"समुद्राचा काय संबंध? तिथं समुद्र आहे?"

"नाही, पुढे सरोवर आहे. पूर्वी समुद्र होता, १९३२ साली त्यांनी बांध घालून तोडला."

अण्णा जरा वेळ गप्प. पंचाऐंशीचे आहेत, पण आकडा मनात बसल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मग म्हणाले, "बरं. धोक्याची किती?"

मला माहीत नव्हतं. दिवसभर गावभर हिंडले, कढईची भोकं बघितली, आठशे-नऊशे वर्षांच्या भिंतीला नाक लावलं आणि धोक्याची पातळी विचारली नाही. शेजारी एक आजोबा कुत्रा घेऊन उभे होते. मी फोन कानाला तसाच ठेवून त्यांना इंग्रजीत विचारलं. त्यांनी पट्टीकडे बघितलं नाही. खिशातून हात काढला आणि बाकाकडे बोट दाखवलं. पाठीची फळी दिसतेय ना, मग काही नाही.

मी ते अण्णांना सांगितलं. त्यांना पटलं, लगेच पटलं. "मग थांब जरा," ते म्हणाले. "बघ, चढतंय का."

साडेचारची गाडी गेली. पाचचीही.